आठ घरांचा एक कान

देवपुरातल्या त्या गल्लीत आठ घरं. एका दारावरची बेल दाबली की निदान पाच दारं उघडत. गल्लीने ही गोष्ट वर्षभर शेजारधर्म म्हणून चालवून घेतली. मग गिरधर नानांनी ती मनावर घेतली, आणि त्यानंतर ती कुणालाच चालवून घेता येईना.

सुरुवात केली पाचव्या घरातल्या मोहिनीने. तिने घरात ब्यूटी पार्लर काढलं आणि दाराला बिनवायरची बेल लावली. गल्लीत एकाने वस्तू आणली की ती चांगलीच असणार, असा तिथला कायदा आहे. त्यामुळे शेजारच्या प्रेमराज सरांनी तीच बेल आणली. त्यांच्या शेजारच्या योगराजने फाटकाला रिमोटची मोटर बसवली. बाकीच्यांनी गच्चीवरची टाकी भरली की किणकिणणारी यंत्रं बसवली. सगळा माल एकाच दुकानातला, बहुधा एकाच खोक्यातला, आणि सगळा हवेत एकाच पट्टीवर बोलणारा. मोहिनीकडे भुवया कोरायला कुणी आलं की सरांच्या घरात बेल वाजे. सर गुडघे सावरत उठेपर्यंत योगराजचं फाटक आपोआप उघडे, आणि त्यातून एक ठरावीक गाय आत जाई. तिला आता वेळा पाठ झाल्या होत्या.

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण आठव्या घरात यशोदा अक्का राहत होत्या.

अक्का एक्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, आणि एकटं असण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मुलगा ललित पुण्याला मोठ्या कंपनीत. त्याने आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं लाल बटण घातलं होतं. काही झालं तर दाबायचं. दाबलं की समोर गिरधर नानांकडे ठेवलेला भोंगा वाजणार. नानांकडे अशासाठी की ते पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालेले, बत्तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेले. शिवाय नानांची बदली अक्कलकुव्याला असताना कुंदाबाईंची दोन्ही बाळंतपणं अक्कांनी काढली होती. ते ऋण नाना बोलून दाखवत नसत, पण अक्कांकडे निघाले की चपला घालायला विसरत.

तर हा भोंगा मोहिनीच्या गिऱ्हाइकांनीही वाजे. आषाढातल्या एका शनिवारी, पार्लरला गर्दी असताना, नाना प्रथमोपचाराची पेटी घेऊन अकरा वेळा अक्कांकडे धावले. अकराव्या वेळी अक्कांनी त्यांनाच खुर्चीत बसवून गूळपाणी दिलं. बाराव्या वेळी भोंगा वाजला तेव्हा नाना जागचे हलले नाहीत. बारावी वेळ खरी होती. अक्का स्वयंपाकघरात घसरल्या होत्या. गुडघ्याला मार लागला, हाड वाचलं. पण अर्धा तास त्या ओट्याला टेकून जमिनीवर बसून होत्या, आणि समोरच्या घरात नाना त्यांच्याच भोंग्यावर उशी ठेवत होते.

ललितने फोनवर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच सांगितलं की श्रावणात कानबाई देवीच्या सणाला तो येईल तेव्हा ही व्यवस्था नीट चालताना दिसली तर ठीक, नाहीतर आई त्याच्याबरोबर पुण्याला, चौदाव्या मजल्यावर. अक्कांनी फोन ठेवला आणि कुंदाबाईंना म्हणाल्या, "माले पुनाले जावानं नही. तठे खिडकीमाईन आभाय दिखस, मानूस दिखत नही."

नानांनी त्या संध्याकाळी उशी कपाटात ठेवली आणि प्रतिज्ञा केली. प्रतिज्ञा साधी होती. आठ घरांची आठ-दहा यंत्रं स्वतंत्रपणे ऐकत बसतात म्हणून हा गोंधळ. त्यापेक्षा गल्लीत ऐकणारं यंत्र एकच असावं. नानांच्या गच्चीवर एक उंच एरियल, खाली एक पेटी. पेटीने कुणाची खूण आली ते ओळखायचं आणि तारेवरून बरोबर त्याच घरात घंटी वाजवायची. कुंदाबाईंनी हे ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचं कुकरच्या शिट्टीकडे, दूधवाल्याच्या हाकेकडे आणि टीव्हीवरच्या सासूकडेही लक्ष होतं. शेवटी त्या म्हणाल्या की करा काय ते, पण माझी गच्ची घाण करू नका.

सभा प्रेमराज सरांच्या ओट्यावर भरली. सर निवृत्त मुख्याध्यापक आणि गल्लीचे बिनविरोध अध्यक्ष; निवडणूक कधी घेतलीच नव्हती. नानांनी आराखडा मांडला. सरांनी चष्मा पुसून पहिलीच शंका काढली की, नाना, बिनतारी म्हणता आणि आठ घरांना आठ तारा ओढता, हे कसं? नानांनी समजावून सांगितलं. सर म्हणाले, समजलं, पण पटलं नाही. हे वाक्य त्यांनी तीस वर्षं शिक्षकांच्या बैठकीत वापरलेलं होतं.

खरी अडचण पुढे होती. पेटीत ऐकणारं यंत्र एक आणि बोलणारी घरं आठ. नाना आयुष्यभर एकाच शिस्तीत वाढलेले: एक बोलेल, बाकीचे गप्प राहतील, ज्याची त्याची पाळी. तीच शिस्त त्यांनी पेटीला लावली. पेटी पहिल्या घराकडे दहा सेकंद कान देणार, मग दुसऱ्या घराकडे, असं करत आठव्यापर्यंत आणि पुन्हा पहिल्यावर. आता पहिला नंबर कुणाचा? सर म्हणाले वयाने. योगराज म्हणाला प्लॉटच्या नंबराने. मोहिनी म्हणाली ज्याच्याकडे माणसं जास्त येतात त्याचा, आणि तिचं म्हणणं खरं असल्यामुळे ते कुणाला आवडलं नाही. पाऊण तास वाद झाला. शेवटी सगळ्यांचं एकमत एका गोष्टीवर झालं की पहिला मान अक्कांचा. अक्का कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली.

"मना नंबर शेवटला ठेवा," त्या म्हणाल्या. "बठ्ठा जेवी लेतस, मंग मी बसस."

सभा गहिवरली. सरांनी या वाक्यावर दोन मिनिटं भाषण केलं. नानांनी कागदावर अक्कांच्या नावापुढे आठ लिहिलं. पडलेल्या बाईला पंगतीच्या शेवटी वाढायचं ठरवतो आहोत, हे आठ घरांतल्या एकाही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

मग परवानगी. खरं तर लागत नव्हती, पण सरांना कागद हवा होता. अध्यक्षाला कागद नसला की अध्यक्षपण अंगाला लागत नाही. नाना एका कार्यालयात गेले. टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, मोबाइलचा टॉवर आहे का? नाही. मग डिश आहे का? तीही नाही. कारकून मनाने चांगला होता. त्याने सांगितलं की नमुने दोनच आहेत, टॉवरचा आणि डिशचा. टॉवर लिहाल तर मुंबईहून माणूस येईल, डिश लिहाल तर गोल दाखवावी लागेल, आणि तुमचा तर सरळ दांडा आहे. नाना चार वेळा गेले. चौथ्या वेळी कारकुनाने आपण होऊन तोडगा काढला. साध्या कागदावर लिहा, गच्चीवर कपडे वाळवण्याकरिता लोखंडी दांडा उभारत आहे, माहितीस्तव सादर. आणि एक दोरी बांधून टाका, म्हणजे खोटं नको. बत्तीस वर्षं सरकारी नोंदींत कधी खोटा शब्द न लिहिलेल्या नानांनी खरंच दोरी बांधली. पोच घेतली. सरांनी ती फाइलला लावली.

पेटी सुरू झाली आणि गल्लीत एक नवं युग आलं. ते ऐंशी सेकंदांचं होतं.

दारात आलेल्याने बेल दाबली की पेटी त्या वेळी दुसऱ्याच घराकडे कान देऊन बसलेली असे. पाळी येईपर्यंत माणूस अंगठा काढून निघून गेलेला असे. हळूहळू लोक शिकले. मोहिनीच्या दारात बायका बेलवर अंगठा ठेवून मिनिटभर गप्पा मारू लागल्या. कुरिअरवाला बेल दाबून धरून दुसऱ्या हाताने जेवणाचा डबा उघडताना दिसला. टाकी भरल्याची खबर खाली पोचायची तोवर पाणी जिन्यावरून उतरून स्वतःच खबर द्यायला येई. सरांनी भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली की, यंत्र चांगलं आहे, फक्त ते आपल्या शिक्षण खात्यासारखं आहे. नाना हे हसून ऐकत, आणि घरी जाऊन कुंदाबाईंशी अकारण कडक बोलत.

मग नानांनी अक्कांच्या बटणाची चाचणी ठरवली. सकाळी दहाला अक्कांनी दाबायचं, नानांनी घड्याळ लावून समोर बसायचं. दहा वाजले. दहा पाच झाले. भोंगा शांत. दहा वाजून दहा मिनिटांनी अक्का स्वतःच काठी टेकत रस्ता ओलांडून नानांच्या दारात उभ्या राहिल्या.

"नाना, मी चक्कर यीसन पडेल शे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "दहा मिंटं व्हयनात. कोनी उनं नही."

कुंदाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. नाना हसले नाहीत. बटण दाबलं की ते तीन सेकंद बोलतं, आणि आठव्या नंबरची पाळी ऐंशी सेकंदांनी येते. हे गणित त्यांना बोलता बोलता दिसलं, आणि दिसल्यावर ते खुर्चीत बसले. कानबाईला नऊ दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन नाना जळगावच्या एसटीत बसले. पेटीतून आठ तारांची टोकं लोंबत होती. कंडक्टरने ती बघितली, नानांच्या पांढऱ्या मिशा बघितल्या, आणि मागच्या बाकावर बसायला सांगितलं. जळगावला बाजारात झुलाल भाऊचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. झुलाल नशिराबादचा, नानांबरोबर बिनतारीतच होता, आणि नोकरीभर दोघांचं एका गोष्टीवर भांडण: नाना म्हणायचे शिस्त आधी, झुलाल म्हणायचा ऐकू येणं आधी. रेडिओ दुरुस्त करायला आणणारं आता कुणी राहिलं नव्हतं. झुलाल रिकाम्या वेळात मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्या वयात नवी विद्या शिकला होता.

नानांनी सगळी हकिगत सांगितली, पंगतीच्या नंबरांसकट. झुलालने पेटी उघडली नाही. तो आधी पोटभर हसला, मग त्याने चहा मागवला.

"नाना, एक बोलला की बाकीच्यांनी गप बसायचं, हे आपण माणसांसाठी केलं होतं," तो म्हणाला. "माणसाला एका टायमाला एकच कळतं. यंत्राला कशाला गप बसवतोस? कान एकच राहू दे, पण पूर्ण उघड. बठ्ठासनं एकदम आइकानं, मंग ठरावानं कोनाकडे पयानं."

त्याने ड्रॉवरमधून अंगठ्याएवढी काडी काढली. ही काडी, तो म्हणाला, सगळी पट्टी एका दमात आत घेते. बेल, टाकी, फाटक, बटण, सगळं. वेगळं करायचं काम मागाहून, आतल्या छोट्या संगणकाचं. कुणाला थांबवायचं कारण नाही. फक्त तुझ्या त्या बाईचा आवाज आला की बाकीची उत्तरं क्षणभर मागे ठेवायची. नानांना हे सगळं समजलं आणि पटलंही. पण नंबरांचं त्यांना खटकत राहिलं. अक्कांनी स्वतःच शेवटचा मागितला होता. तो परस्पर बदलायचा म्हणजे म्हातारीचा शब्द मोडायचा.

झुलालने कप खाली ठेवला. "पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या घराला आग लागली, तर बंब पण शेवटी नेतो का रे?"

नानांनी पेटी त्याच्यापुढे सरकवली. बत्तीस वर्षांच्या भांडणात ही त्यांची पहिली माघार होती, आणि झुलालने ती मोठ्या मनाने न पाहिल्यासारखं केलं. पेटी तयार करायला त्याने दोन दिवस घेतले, दोन दिवस नानांना नशिराबादला घरी ठेवून घेतलं, आणि निघताना मजुरीचं नाव काढू दिलं नाही. एसटीत परतताना नानांनी ठरवलं की झुलाल शहाणा आहे हे मान्य करायचं, पण त्याच्यासमोर नाही.

पेटी आता चालू लागली. बेल दाबली की त्याच दारात घंटी, लगेच. गाईला दोन दिवस फाटकापाशी उभं राहून परत जावं लागलं. अक्कांचं बटण दाबलं की भोंगा, आणि नाना दीड मिनिटात त्यांच्या दारात. नानांनी अक्कांना बजावलं की रोज दाबून बघत जा, यंत्राला सवय राहते. अक्कांनी ते वाक्य शब्दशः घेतलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना, दाबलं. पंख्यावर पाल दिसली, दाबलं. एकदा पंचांगात बारीक अक्षर वाचता येईना म्हणून दाबलं. नाना प्रत्येक वेळी जात, आणि प्रत्येक वेळी वहीत वेळ आणि कारण लिहीत.

ललित शनिवारी रात्री आला. रविवारी कानबाई. अक्कांच्या घरी कानबाई म्हणजे सगळी भाऊबंदकी गोळा: शिरपूरकडून दीर बन्सीलाल आबा आणि त्यांची सुनानातवंडं, पंचवीस-तीस माणसं. चौरंगावर नथ घातलेली कानबाई बसली, पुरणाचा नैवेद्य झाला, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा वास गल्लीभर गेला. जेवणं झाल्यावर ललितने सगळ्यांसमोर म्हटलं, नाना, आता दाखवा. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अक्कांनी बटण दाबलं. समोरच्या घरातून भोंगा ऐकू यायला हवा होता. आला नाही. पुन्हा दाबलं. ललितने घेऊन दाबलं. बन्सीलाल आबांनी तर ते हातावर आपटून दाबलं. काही नाही. पंचवीस-तीस माणसं नानांच्या शर्टाकडे बघत राहिली.

ललित जवळ आला आणि हळूच म्हणाला, "नाना, तुम्ही खूप केलंत." शिवी दिली असती तर नानांना उत्तर देता आलं असतं.

नाना गच्चीवर गेले. तिथे एरियलच्या दांड्याला, कार्यालयाच्या सल्ल्याने बांधलेल्या दोरीवर आणि दोरी पुरली नाही म्हणून थेट एरियलवरही, सात गोधड्या लटकत होत्या. कानबाईच्या आधी घरातलं सगळं धुवून काढायचं, ही खान्देशातली रीत. कुंदाबाईंनी शनिवारी ती पाळली होती. श्रावणातल्या भुरभुरीत गोधड्या वाळल्या नव्हत्या. उलट पाणी पिऊन पखालीसारख्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या आत गल्लीचा एकुलता एक कान गुदमरला होता. नाना खाली येऊन जे बोलायचं ते बोलले. कुंदाबाईंनी ऐकून घेतलं.

"तुम्हीच सरकारला लिहून दिलंय ना, कपडे वाळवायचा दांडा म्हणून?" त्या म्हणाल्या. "मग मी त्याला काय कुंकू लावू?"

पोच सरांच्या फाइलला होती. गोधड्या त्यांनीच उतरवल्या. पण ललितने तोवर मंगळवारची दोन तिकिटं काढली होती.

सोमवारी कानबाईचं पांझरा नदीत विसर्जन झालं, भाऊबंद आपापल्या गावी गेले. मंगळवारी सकाळी ललितने आईची पिशवी भरायला घेतली, तेव्हा अक्कांनी कोठीतला मोठा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. डब्यात रोट होते, कानबाईच्या नैवेद्याच्या गव्हाच्या जाड पोळ्या. कानबाईचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, पौर्णिमेपर्यंत संपवायचे. आणि अक्कांच्या घरची रीत अशी की ते संपेस्तोवर घर सोडायचं नाही. घरातल्या पुरुषामागे गव्हाचं माप ठरलेलं असतं. अक्कांनी यंदा दळताना सुरतेला गेलेल्या, बडोद्याला गेलेल्या, नऊ वर्षांत तोंड न दाखवलेल्या पुतण्यांच्याही नावाने मापं टाकली होती. ललितने रोट मोजले. एकेचाळीस होते. पौर्णिमा रविवारी होती. त्याने आईकडे बघितलं. आई डब्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भक्तीशिवाय काही नव्हतं.

तिकिटं रद्द झाली. ललितने ऑफिसला कळवलं आणि पुढच्या खोलीत लॅपटॉप मांडला. सकाळी दुधात रोट, दुपारी भाजीशी रोट, संध्याकाळी चहात रोट. शेजारपाजारचे हळहळत, पण भाऊबंद नसल्याने मदत करू शकत नसत. नानांनी मात्र त्याच्याशी बोलायचं टाळलं. भोंगा आता वाजत होता, अक्का बोलवत होत्या, नाना जाऊन झाकणं उघडून देत होते. पण ललित समोर आला की ते खाली बघत. एकदा पडलेल्या इभ्रतीला नुसत्या झाकणांनी उभं करता येत नाही.

शुक्रवारी सकाळी अक्का कुंदाबाईंकडे पोहे निवडायला आल्या होत्या. नाना पेपर वाचत होते. भोंगा वाजला. नाना सवयीने उठले, दारापर्यंत गेले, आणि थांबले. अक्का तर इथेच, सुपापुढे बसलेल्या होत्या. नानांचा चेहरा पडला. म्हणजे पेटी पुन्हा खोटं बोलायला लागली. ललितच्या देखत. त्यांनी निमूटपणे भोंगा बंद करायला हात पुढे केला.

अक्कांनी गळा चाचपला. बटण गळ्यात नव्हतं; आंघोळीच्या वेळी मोरीतल्या खुंटीवर राहिलं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मी तं आठे शे," त्या म्हणाल्या. "मंग तठे कोन दाबी ऱ्हायनं?"

नाना पळाले. बिनचपलेचे. भोंगा दुसऱ्यांदा वाजला तो ऐकून योगराज पान्हा घेऊन निघाला. प्रेमराज सरांना चोर असल्याची खात्री वाटली, त्यांनी छत्री घेतली. मोहिनी आली आणि तिच्यामागे अर्ध्या चेहऱ्याला लेप लावलेली तिची गिऱ्हाईकही आली, कारण एवढं पाहून गेल्याशिवाय तिलाही राहवेना. अक्कांनी येताना दाराला बाहेरून कडी घातली होती, ती काढून सगळे आत गेले. मोरीच्या दारामागून ललितचा आवाज आला. श्रावणाच्या ओलीने दार फुगलं होतं आणि आतली खिटी अडकली होती. मोबाइल बाहेर चार्जिंगला. योगराजने पान्ह्याने बिजागरी सोडवली, दार बाजूला झालं, आणि पुण्याच्या कंपनीतला तो मोठा साहेब पंचा गुंडाळून सात-आठ माणसांपुढे उभा राहिला. कोपऱ्यातून कुंदाबाईंच्या खांद्याला धरून अक्का पुढे आल्या, त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, रोट खाल्ला का?

नानांनी घड्याळ बघितलं. एक मिनिट पन्नास सेकंद. त्यांनी फक्त सरांना दिसेल असं मनगट धरलं.

संध्याकाळी ललित नानांच्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ पेटीबद्दल विचारत राहिला, ती एकाच वेळी एवढं सगळं कसं ऐकते वगैरे. नानांनी झुलालचं नाव घेऊन सगळं सांगितलं. त्याच्या मागे मान्य करायला हरकत नव्हती. मग ललितने आवाज खाली आणला.

"नाना, बटण माझ्यासमोरच खुंटीवर होतं," तो म्हणाला. "मी पाऊण तास ओरडलो, दार ढकललं, पण ते दाबलं नाही. लाज वाटली. गल्ली गोळा करायची म्हणजे. यंत्र चालतं हे कळलं मला. पण आईने पडल्यावर माझ्यासारखीच लाज धरली तर?"

यावर नानांनी उठून आतून वही आणली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. ललित वाचू लागला. बरणीचं झाकण. पाल. पंचांग. सुईत दोरा. टीव्हीचा आवाज आपोआप वाढला. कुंदाबाईंना शेवग्याच्या शेंगा द्यायच्या होत्या, त्या न्यायला या. पुन्हा बरणी. अकरा दिवसांत सत्तेचाळीस नोंदी. ललितने चार पानं उलटली आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला, आणि तो सरांसारखा बराच वेळ पुसत राहिला.

"तुमच्या आईचं अंग दुखू शकतं, डोकं दुखू शकतं," नाना म्हणाले. "लाजेचं मात्र काही सांगू नका. दुपारी पावणेदोनला शेंगांसाठी धावलोय मी."

रविवारी रोट संपले. शेवटचा दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला. ललित एकटाच निघाला. जाताना त्याने सगळ्या गल्लीच्या पाया पडायला सुरुवात केली, आणि गिऱ्हाइकाच्या अर्ध्या भुवया सोडून आलेल्या मोहिनीच्याही पाया पडू लागला, तेव्हा ती म्हणाली, दादा, मी तुमच्याहून लहान आहे. तरी तो वाकलाच. मग तो नानांपुढे आला. नानांनी त्याची बॅग उचलून रिक्षात ठेवली आणि रिक्षावाल्याला स्टँडपर्यंतचा रस्ता समजावून सांगितला, जो रिक्षावाल्याला जन्मापासून ठाऊक होता.

रिक्षा वळली. माणसं आपापल्या घरी गेली. नाना घरात येऊन पेपर उघडतात न उघडतात तोच भोंगा वाजला.

नाना पोचले तेव्हा अक्का दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. धडधाकट. हातात बटण, पण आता ते दाबत नव्हत्या, नुसतं धरून बसल्या होत्या. नानांनी धापा टाकत विचारलं, काय झालं अक्का?

"काही नही, नाना," अक्का म्हणाल्या. "ललित गया. बसा जराखं."

नाना बसले. स्टुलावर दोन कप चहा वाफाळत होता. त्यांनी एक उचलला, तेवढ्यात कुंदाबाई हात पुसत आल्या, काय झालं म्हणून. त्यांच्यामागे मोहिनी आली. मग योगराज, पान्ह्यासकट. शेवटी सर आले, त्यांनी छत्री भिंतीला टेकवली आणि विचारलं की चहा आहे का. दोन कपांकडे सहा माणसं बघत राहिली. अक्का हसत हसत गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आणि मोठं पातेलं शोधायला आत गेल्या.